सहातला जुना एक

मी कनेक्टिंग रॉड बोलतोय. काय बघता? ट्रकच्या इंजिनातला लोखंडी हात हाय मी. वर पिस्टन, खाली क्रँक, मधी मी. सासू-सुनेच्या मधी नवरा सापडतो ना, तसा. दोन्हीकडून मार खायचा आन् गाडी चालवायची.

आमी सहा भाऊ, एका भट्टीतले. महादूच्या ट्रकात चौदा वर्सं घाटानं खडी चढवली. महादूच्या शेजारी त्याचा मेवना लखमा बसायचा. घाटात गाडी थांबली का उतरून चाकामागं दगड लावायचा, ते त्याचं काम.

मी पयल्यापासून खोडकर. उगाच टकटक करायचो. लखमा कान लावायचा, "दाजी, काय तरी वाजतंय!" म्हनला का मी गप.

"तुज्याच डोक्यात वाजतंय," महादू म्हनायचा.

मग महादूला घाई सुटली. घाटात गाडी पळाली पायजे. सापगावच्या प्रणित मिस्त्रीकडं नेली. इंजिनात जादा हवा कोंबनारा टर्बो मोठा बसवला, डिझेलचा पंप वाढवला. प्रणित म्हनला, "काका, एवढी ताकद जुन्या रॉडला झेपायची नाय. सहाच्या सहा जाड बसवतो."

माजे पाच भाऊ भंगारात गेले. माजी पाळी आली तवा महादूनं प्रणितचा हात धरला.

"हा एक राहू दे."

"का?"

"आमच्या घरात नव्या बियान्यात जुन्या भाताची मूठ टाकल्याबिगर पेरनी नाय. जुनं असलं का नवं रुजतं."

"काका, ह्ये भात नाय! नव्या-जुन्याची वजनं जमत नाय. हा तुटला ना, तर इंजिनाचा ब्लॉक फोडील. घाटात गाडी मागं येल. दगड घेऊन लखमामामा उतरतो, त्याचा तरी इचार करा."

लखमाच हसला. "बसव रे. म्हातारा हाय तो आपला."

प्रणितनं बसवला, तोंडातल्या तोंडात शिव्या देत.

मी लय फुगलो. नव्या पाचांना म्हनलो, "शिका रे पोरांनो, घाट कसा चढायचा ते." तिसऱ्या फेरीला मानेत चीर गेली. केसाएवढी. चिरेला आवाज नसतो. आन् खरं सांगू? मला भंगारात जायचं नव्हतं, म्हनून मीबी टकटक केली नाय.

भर दुपारी, टोकावड्याच्या पुढं घाटात मी तुटलो. ब्लॉक फोडून अर्धा भायेर आलो. इंजिन बंद. गरम ऑइल रस्त्यावर सांडलं. महादू ब्रेकवर उभाच राहिला, पन इंजिनाबिगर ब्रेकची हवा उतरत व्हती.

"लखमा, दगड!"

लखमा दगड घेऊन मागच्या चाकाकडं धावला. ऑइल उतारानं त्याच्या आधी पोचलं व्हतं. पाय घसरला. गाडी मागं आली.

दगड त्याच्या हातातच राहिला.

आता मी अर्धा, प्रणितच्या गॅरेजात. महादू घरात भिताडाकडं तोंड करून बसतो म्हनं. आज त्याची बायको आली, धोंडूबाई. लखमाची भन.

"कुठला तो?"

प्रणितनं मला तिच्या हातात दिला.

"एवढुसाच?"

"व्हय काकी."

"तू काढत व्हतास ना याला?"

ती तिथंच जुन्या टायरवर बसली. पदरानं माजं ऑइल पुसलं, परत पुसलं.

एवढी वर्सं मस्करी केली, आज एक सुचत नाय. मला भट्टीत टाका, माजे खिळे करा, काय पन करा. पन आधी कोनीतरी मला त्या बाईच्या हातातून घ्या रे. ती सोडीत नाय.