डावा बूट

अकरा हंगाम मी फुटबॉल संघाच्या मधल्या फळीत खेळलो. मधल्या फळीतला खेळाडू म्हणजे कचेरीतला मधला साहेब. मागून आलेलं पुढे सरकवायचं, पुढे अडलं तर बाजूला, आणि काहीच जमलं नाही तर आलं तिकडे परत. तीनशे बारा सामने, नऊ गोल. नवांपैकी दोन माझ्या पाठीला लागून गेले.

जपानातल्या मात्सुए शहराच्या आमच्या क्लबात माझे बूट पुसायचे ओगुरी-सान. माझ्याहून सात वर्षांनी मोठे. खरं तर धाकट्याने थोरल्याचे पुसायचे असतात, आणि पहिल्या वर्षी मी त्यांचे पुसलेही. मग त्यांचा पाय गेला, त्यांची जागा मला मिळाली, क्लबने त्यांना सामानाच्या खोलीत घेतलं आणि सगळं उलटं झालं. दर सामन्याला दोन्ही हातांनी बूट पुढे करून ते म्हणायचे, "निइमी-सान, घ्या." धाकट्याला कोणी मानाचं 'सान' लावत नाही. तो खडा दहा वर्षं माझ्या बुटात होता.

पाय गेला तो सामना बाहेरगावी होता. हॉटेलात आम्ही दोघं एका खोलीत. सकाळी मी न्हाणीघराचं दार ढकललं, तर ओगुरी-सान टबाच्या कडेवर बसून, दातांत टॉवेल धरून, टाचेमागच्या शिरेला चिकटपट्टी गुंडाळत होते.

"काही पाहिलंस?"

"नाही."

"शाबास."

न्याहारीला ट्रेनर शेजारी येऊन बसला. "ओगुरी जरा लंगडतोय का रे?"

मी सूपच्या वाटीतल्या शिंपल्यांकडे बघत म्हणालो, "छे. ठणठणीत आहेत."

सत्ताविसाव्या मिनिटाला ती शीर तुटली. आवाज राखीव खेळाडूंच्या बाकापर्यंत आला.

मी गप्प राहिलो हे नंतर सगळ्यांना कळलं. इस्पितळात ओगुरी-साननीच अभिमानाने सांगितलं. पोरगं तोंडाचं पक्कं आहे, म्हणाले. का गप्प राहिलो, ते मात्र कोणी विचारलं नाही. आमच्याकडे बोलणाऱ्याला कारण विचारतात.

गेल्या रविवारी माझा शेवटचा सामना झाला. पुढे निरोपाचं भाषण होतं, आणि मी ठरवून टाकलं होतं की ते कारण आज सांगायचं, सगळ्यांसमोर, म्हणजे मागे फिरता येणार नाही. सामना चालू असताना कठड्यापाशी बसणारे टोपीवाले आजोबा नेहमीप्रमाणे ओरडत होते, "निइमी, आज तरी पुढे दे रे पास. सवय म्हणून नको, आठवण म्हणून."

सामना बरोबरीत सुटला. मी माइक हातात घेतला. ओगुरी-सान पुष्पगुच्छ घेऊन रेषेपाशी उभे होते.

"ओगुरी-सान," मी म्हणालो, "तुमचा पाय माझ्यामुळे गेला. मला माफ करा." आणि कमरेत वाकलो.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाठीराख्यांनी ढोल वाजवला. चूक माझीच. निवृत्त होणारा माणूस माफी मागतोच. गेल्या वर्षी आमच्या गोलकीपरने पावसाबद्दल मागितली होती. क्लबचे अध्यक्ष रुमालाने डोळे टिपत शेजाऱ्याला म्हणाले, "किती नम्र आहे बघा. दुसऱ्याचं दुखणंही स्वतःच्या अंगावर घेतो." ओगुरी-साननी गुच्छ दिला आणि माझ्यापेक्षा खाली वाकले.

बूट मैदानातच काढून घेतले होते; मी कपडेही न बदलता, नुसत्या मोज्यांवर सामानाच्या खोलीत गेलो. ते स्टुलावर बसून माझे बूट पुसत होते. क्लबच्या काचेच्या कपाटात ठेवायचे होते म्हणे. उजवा झाला होता. कोपऱ्यात धुलाईयंत्र जर्सी घुसळत होतं.

"भाषण छान झालं, निइमी-सान. माझं नाव मात्र उगाच घेतलंत."

"उगाच नाही घेतलं. मी गप्प राहिलो ते तुमच्यासाठी नाही. मला तुमची जागा हवी होती. तुम्ही मैदानात मोडावं, याची वाट बघत होतो."

ब्रश चालूच होता. बावीस वर्षांचे असताना सगळेच काहीबाही मनात आणतात, अशी मान त्यांनी हलवली. मग मी उरलेलं सांगितलं.

"तुम्ही पडलात सत्ताविसाव्या मिनिटाला. मी बाकावर बसून, तुमच्या जागी उतरायला, नाड्या आवळल्या त्या विसाव्या."

ब्रश थांबला.

"सात मिनिटं आधी?"

"सात."

"विसाव्या मिनिटाला," ते म्हणाले, "पाय बरा वाटत होता मला. वाटलं, निभावेल."

यंत्र थांबलं. आता जर्सी काढायला हव्या होत्या. ते उठले नाहीत. त्यांनी डावा बूट माझ्या पायांपाशी जमिनीवर ठेवला. ब्रश शेजारी. दोन्ही हातांनी नाही, एका.

"निइमी."

'सान' नव्हतं.

"हा तू पूस."

मी फरशीवर मांडी घालून बसलो आणि पुसला. खिळे, शिवण, नाड्यांची भोकं, सगळं. दोन्ही हातांनी पुढे केला. त्यांनी तो उजेडाकडे धरून फिरवला, नखाने कुठेतरी खरवडलं आणि परत खाली ठेवला.

"टाचेला चिखल आहे."

चिखल नव्हता. मी बूट पुन्हा पुसायला घेतला.