दोन घंट्या आणि दोनशे ब्याऐंशी बदकं

“आता जे सांगणार आहे ना, ते तुम्हा तिघांपैकी एकालाही पटायचं नाही. माझं मलाच अजून नीट पटलेलं नाही,” असं म्हणून कंडक्टरने भाताची ताटली पुढे ओढली आणि आधी दोन घास पोटात ढकलले. ऐकणारे जरा ताटकळले की गोष्टीला चव येते, हे तो नोकरीत शिकला होता.

ऐकणारे तिघं. टेबलाच्या टोकाला लेक, शाळेत गणित शिकवणारी. तिच्या शेजारी जावई, स्वभावाने गरीब. आणि समोर बायको, जी ताटातले मटार एका ओळीत लावत बसली होती. मधोमध, मिठाच्या बरणीला टेकून, व्हॅनची किल्ली.

बायकोने तीस वर्षं शहरातली बस चालवली आणि त्याच बसमध्ये याने तिकिटं फाडली. निवृत्त झाल्यावर दोघांनी घर विकलं, बेकरीची पाव पोचवणारी एक जुनी व्हॅन घेतली, तिच्यात पलंग, शेगडी आणि पाण्याचा कॅन बसवला आणि चौदा महिने झाले, रस्ता नेईल तिकडे राहतात. चालकाची जागा आणि मागचं घर यांच्यामध्ये पत्रा आहे, पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून याने बसमधल्यासारखी घंटेची दोरी बांधून घेतली. मागून दोन घंट्या आल्या की बाईने गाडी सोडायची. वळून बघणं नाही, विचारणं नाही.

आज दुपारी बाई लेकीच्या दारात पोचली, मागचं दार उघडून म्हणाली, “चला, उतरा.” आत पलंग होता, शेगडी होती, नवरा नव्हता. तो तासाभराने आला, परक्या ट्रकमधून.

“आईने घंटा नसताना गाडी हाकली असेल,” लेकीने हात धुताधुताच बजावलं होतं, “तर ही किल्ली आजपासून माझ्या कपाटात. मागची खोली सहा महिने झाडून ठेवलीय मी.”

“दोन घंट्या ऐकल्या मी,” आई म्हणाली होती. लेकीला काळजी गाडीची होती. बायकोला काळजी कानांची होती, आणि कानांच्या मागे जे असतं त्याची, हे कंडक्टरला न सांगता कळत होतं. आणि पंचाईत अशी, की त्याने दोरीला हातसुद्धा लावला नव्हता. तो पेट्रोल पंपावरच्या दुकानात साबण घेत होता. साबण घेऊन बाहेर आला तर घर वळणावरून दिसेनासं होत होतं.

“घंटा मीच दिली,” तो म्हणाला. “दोन. नियमाने.”

“आणि मग चालत्या गाडीतून उतरलात?” लेक म्हणाली.

“उतरावंच लागलं. मागच्या खिडकीतून बघतो तर पंपाशेजारी रांग. बदकांची.”

जावयाने चमचा खाली ठेवला. “बदकांची रांग?”

“एकामागे एक, कोणी कोणाला ढकलत नाही. आपल्या शहरात अशी रांग मी जन्मात पाहिली नाही. आता मला सांगा जावईबापू, तीस वर्षांचा कंडक्टर, समोर अशी शिस्तीची रांग, पाय थांबतील का?”

“किती होती?” लेकीने विचारलं. तिला आकडा लागतोच.

“दोनशे ब्याऐंशी. मोजली ना. एक लंगडं होतं, त्याला पुढे घेतलं. एक रांग मोडून मधे शिरलं, त्याला असा दम दिला की बिचारं स्वतःहून शेवटी जाऊन उभं राहिलं. तोवर गाडी लांब गेलेली. तिचा काय दोष? मीच सोडली.”

“आणि आलात कसे?”

“फर्निचरच्या ट्रकमधून. मागे उघड्यावर सोफा होता, त्यावर बसून. पाय पसरून.”

“बाबा, हे मात्र अति झालं,” जावई म्हणाला. “सोफ्यावर बसून कोणी येतं का?”

कंडक्टरला मनापासून राग आला. एवढ्या सगळ्यात तेवढं एकच खरं होतं.

पण लेक हसत होती. हात किल्लीकडे गेला नव्हता. म्हातारा बाप चक्रम आहे हे तिला नवीन नव्हतं, त्यासाठी ती कोणाची गाडी काढून घेणार नव्हती. कंडक्टरने समाधानाने पाण्याचा ग्लास उचलला.

“खोटं बोलताय तुम्ही,” बायको म्हणाली.

ग्लास अर्ध्यात थांबला.

“तुमच्या दोन घंट्यांमध्ये एक श्वास असतो. पहिली दिली की दाराकडे बघून घेता, मग दुसरी देता. तीस वर्षं पाठीमागून ऐकतेय. आजच्या दोन्ही एकमेकींच्या अंगावर पडल्यासारख्या आल्या. म्हटलं, लेकीकडे जायचंय, घाई झाली असेल माणसाला.”

“अगं, घाईच होती…”

“सकाळी धुतलेली विजार कुठे वाळत घातलीत?”

कंडक्टरने भाताकडे पाहिलं. “दोरीवर.”

“कुठल्या दोरीवर?”

जावयाने तोंडापुढे रुमाल धरला.

“मी दार उघडलं तेव्हा खाली पडली होती. ओली, जड. घंटेच्या दोरीवरून घसरली तेव्हा एक, पडली तेव्हा दुसरी,” बायकोने ओळीतला पहिला मटार उचलून तोंडात टाकला. “माझे कान ठणठणीत आहेत. तुमच्या विजारीला कंडक्टरकी जमत नाही, त्याला मी काय करू? आता ती बदकांच्या गोष्टीत कुठे बसते ते ठरवा, आणि तोवर किल्ली इकडे सरकवा.”