गाडीचं पाणी

आमच्याकडे एक खुळी प्रथा होती. हायड्रोजनवरची नमुना गाडी पाहुण्यांसमोर फिरून आली, की चालकाने मागच्या नळीखाली ग्लास धरायचा आणि जमलेलं पाणी सगळ्यांदेखत पिऊन टाकायचं. धूर नाही, नुसतं पाणी, हे लोकांना त्याशिवाय पटत नाही, असं साहेबांचं म्हणणं. चालक माझा सख्खा दादा, मला अजून चिमीच म्हणणारा. ग्लास उंचावताना त्याचा थाट असा, की नवरदेव बरा.

हायड्रोजनपासून वीज करणारी गाडीतली पेटी, म्हणजे फ्युएल सेल, माझी. तिच्यापायी मी डोक्याचा भुगा करून घेतला होता. ती जरा रुसली की साहेब प्रकल्प गुंडाळायला टपलेलेच.

त्या दिवशी दादा फेरीला निघाल्यावर मी सहज आदल्या दिवशीच्या पाण्याचा नमुना तपासला. पेटी थंड ठेवणारं कूलंट पाण्यात उतरत होतं. ते चवीला गोडसर, पण पोटात गेलं तर मूत्रपिंडांची वाट लागते, अंगाला सूज येते. पण सकाळीच मी कूलंटची टाकी पाहिली होती, आणि ती काठोकाठ भरलेली होती. गळतंय तर कमी कसं होत नाही, काही केल्या कळेना.

धावत मैदानावर गेले तर दादाच्या ओठांपाशी ग्लास. मी तो हिसकावला आणि पाणी ओतून दिलं. पाहुणे बघतच राहिले. साहेबांनी गाडी आत न्यायला सांगितली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मी काय ते समजले.

दादा मात्र माझ्यावर उखडला. वर्कशॉपच्या दारात गाठून, एवढ्या लोकांत माझा पोपट केलास, म्हणाला. मी कूलंटचं सांगितलं.

"टाकी मीच भरत होतो," तो हळूच म्हणाला. "रोज सकाळी, तू यायच्या आत. उतरलेली दिसली असती तर तुझी गाडी बंद केली असती त्यांनी."

"आणि पाणी?"

"ते पीतच होतो की. हल्ली जरा गोड लागायचं." तो कसनुसा हसला. "मला वाटलं, चिमीची पेटी सुधारतेय."

मला रडू फुटलं, आणि त्याला एक ठेवून द्यावी असंही वाटलं. तसाच दंड धरून त्याला दवाखान्यात न्यायला निघाले. वर्कशॉपच्या पायऱ्या उतरताना त्याने माझ्या खांद्याचा आधार घेतला. पाय सुजलेत, म्हणाला, बूट चढत नाहीत.