एक जादा एस

“मतं मागत फिरताना तळहातात दाभण कसं घुसलं हो काका?”

कामगार विमा कचेरीच्या खिडकीतल्या कारकुनाने विचारलं तसे रांगेतले दोघे-तिघे हसले. काकांना प्रश्नच कळला नाही. एकतीस वर्षं ते जाड कॅनव्हास शिवत आले होते, ट्रकवर टाकायचा, तंबूंचा. चार पदरी कोपरे मशीनला झेपत नसत, ते त्यांच्या हातचे. कारखान्यात त्यांचं नावच दाभणकाका पडलं होतं. सहा महिन्यांपूर्वी अशाच एका कोपऱ्यात दाभण मोडलं आणि तुटकं टोक उजव्या तळहातात खोल गेलं. तेव्हापासून तीन बोटं वळत नव्हती. शस्त्रक्रिया केली तर मूठ मिटेल, असं डॉक्टर म्हणाले होते. इजा कामावरची ठरली तर कामगार रुग्णालय ही शस्त्रक्रिया फुकट करणार होतं. पण अर्ज नामंजूर होऊन आला होता.

“मतं? मी कशाला मागू मतं?”

कारकुनाने अर्ज काचेला टेकवला. “हे बघा. कामाचं स्वरूप, कॅनव्हास. पण इंग्रजीत शेवटी दोन एस लिहिलेत. एक एस असला की कापड. दोन असले की दारोदार प्रचार. साहेबांचा शेरा आहे, प्रचारकाची जखम कारखान्यातली धरता येत नाही.”

“खाली कारखान्याचा शिक्का आहे की!”

“शिक्का आहे, शब्दही आहे. साहेब शब्द वाचतात.” मग त्याला आपलं ज्ञान दाखवायची हुक्की आली. “गंमत म्हणजे दोन्ही शब्द एकाच कापडातले. पूर्वी म्हणे माणसाला जाड कापडात घालून वर उडवायचे, झोडपायचे. त्यावरून एखादी गोष्ट चर्चेत घुसळून काढणं, आणि पुढे मतांसाठी फिरणं.”

“मग साहेबांनी माझं तेच केलं की.”

या वेळी कुणी हसलं नाही. कारकुनाने आवाज उतरवला. “ज्याने फॉर्म भरला त्याच्याकडून लिहून आणा, चूक माझी म्हणून. मी परत वर पाठवतो. मुदत मात्र उद्याचीच.”

फॉर्म मुलीने भरला होता. घरात इंग्रजी शिकलेली ती पहिली, आता शाळेत तेच शिकवत होती. कचेरीच्या फाटकाबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याकडे काका निघाले, तेव्हा तिने हात धरून थांबवलं होतं, “मी असताना बाहेरचा माणूस कशाला?”

घरी आले तेव्हा ती वह्या तपासत होती.

“काय म्हणाले, बाबा?”

“नाही म्हणाले.”

“का पण? मी सगळं नीट भरलं होतं. काही चुकलं होतं का?”

काकांनी चपला काढायला वेळ लावला.

“तुझं काय चुकणार? वय झालं म्हणे माझं. शिरा जुळायच्या नाहीत.”

“उद्या मी येते तुमच्याबरोबर. बघतेच एकेकाला!”

“नको. डॉक्टरांचाच शब्द आहे. त्यापुढे काय बोलणार?”

ती रडली. मग उठून तिने त्यांच्या ताटातली भाकरी मोडून दिली, गेले सहा महिने देत होती तशी. काका खाली मान घालून जेवले. ती रोज हा हात बघणार होती. बघू दे, पण नुसता हात म्हणून बघू दे.

सकाळी त्यांनी खिडकीत सांगितलं, “अर्ज मागे घेतो. फाइल बंद करा.”

“अहो, एक ओळ लिहून आणायची होती फक्त!”

“कुठे सही करू?”

उजव्या बोटांत पेन ठरेना. कारकुनाने शाईचं पॅड पुढे सरकवलं. “फॉर्मवर तर तुमची सही आहे, काका.”

“तेव्हा जमली कशीबशी,” काका म्हणाले आणि त्यांनी डावा अंगठा टेकवला.

घराच्या कोपऱ्यावरच्या नळाशी ते थांबले. अंगठ्यावरची निळी शाई तिला दिसायला नको होती. उजव्या हाताने चोळायला गेले, तर बोटं वळेनात. मग तो अंगठा त्यांनी नळाखालच्या खडबडीत दगडावर घासला. कातडं सोललं तरी घासत राहिले.