भिंतीतल्या दोघी जावा

कुणी नाही लाविलं गं, कुणी नाही शिंपिलं,
पाखराच्या चोचीतलं बी भिंतीनं जपिलं.

आई हे गुणगुणायची तेव्हा मी सात वर्षांची होते. ती दवाखान्याच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत कामाला होती. मागच्या भिंतीच्या फटीत, वाफेच्या पाइपाखाली, तिला अंजिराची दोन झाडं सापडली. एकमेकींच्या कमरेला विळखा घालून उभी. "या दोघी जावा," ती म्हणायची. "एक गोडबोली, दुसरी मेली नुसता भुसा."

गोडबोलीचं फळ बाहेरून मळकट हिरवं, आत जांभळं. तोंडात धरलं की आधी मध, मग हलकासा आंबूसपणा, मग कितीतरी वेळ काहीच बोलावंसं वाटायचं नाही. भुशीचं फळ फोडलं की कोरडा कोंडा. गोडबोलीच्या पानाला तीन बोटं, भुशीच्या पाच. पानं गळली की मात्र दोघी सारख्या दिसायच्या. आई आणि मी सालीवर हात फिरवून ओळखायचो.

दादानं लहानपणी ते फळ कधी तोंडाला लावलं नाही. "गटाराकाठचं कोण खाणार?" पुढे त्याने रोपवाटिका काढली, तरी आईच्या भिंतीकडे ढुंकून पाहिलं नाही. मग मागच्या उन्हाळ्यात आई वाडगाभर अंजिरं घेऊन त्याच्याकडे गेली. नेमके तिथे फळबाग खात्याचे साहेब बसले होते. त्यांनी एक खाल्लं, डोळे मिटले, दुसरं उचललं.

"हे वाण कुणाचं?"

"माझं," दादा म्हणाला. "मीच शोधलंय."

आई वाडगा धरून शेजारी उभी होती. ती हसली. तिचं ते हसू मला आजही सहन होत नाही. दोन महिन्यांनी ती गेली.

हिवाळ्यात दादा कलमाच्या काड्या कापायला सिकेटर घेऊन आला. मी ओल्या गोणपाटाची बादली धरून उभी राहिले. म्हटलं, "वाण नोंदवशील त्या कागदावर आईचं नाव घाल."

तो खो खो हसला. "चिमणे, चादरी धुणाऱ्या बाईच्या नावाचं रोप कोण घेईल? जरा डोकं वापर."

कानशिलं तापली माझी. आणि तेवढ्यात त्याने फांदी धरली. भुशीची. बिनपानांच्या दोन झाडांतली एक निवडताना मला विचारावं, एवढंही त्याला वाटलं नाही. कचाकच कापत सुटला. जीभ टाळूला चिकटवून मी मनात म्हणत होते, घे, भुसा घे, पोतंभर घे. रविवारी आपण येऊ, गोडबोलीच्या चार काड्या नेऊ, असा माझा बेत.

रविवारी गेले तर भिंत बोडकी. दुसऱ्या कुणा रोपवाल्याच्या हाती काडी लागू नये म्हणून दादानं दोन्ही झाडं तोडून मुळांवर डिझेल ओतलं होतं.

"लाकडं?" मी विचारलं.

"बॉयलरात गेली," लॉन्ड्रीचा मुकादम म्हणाला. "ओली होती हो, धूरच फार."

आणि आज साहेब नोंदणीचा कागद घेऊन दादाच्या रोपवाटिकेत आलेत. काळ्या पिशव्यांतली दोनशे रोपं गुडघ्याएवढी झालीत. प्रत्येक पानाला पाच बोटं. मूळ झाडाची पानं साहेबांनी पाहिली नव्हती. दादानं तर पाहूनही पाहिली नव्हती.

"कसं शोधलंत, तेही लिहावं लागेल," साहेब म्हणाले.

"काय सांगू साहेब!" दादा खुर्ची पुढे ओढून बसला. "भिंत ही एवढी उंच. आई खालून ओरडतेय, उतर रे बाबा, हातपाय मोडशील! पण मी म्हटलं, हे फळ साधं नाही."

खोटारड्या. आई स्वतः चढायची त्या भिंतीवर, दोन पाळ्या करून, सोलवटलेल्या हातांनी.

"वहिनी, चहा आण गं!" मला हे ओरडून सांगायचं नव्हतं, पण काहीतरी ओरडायलाच हवं होतं. दोघे दचकले.

"हिला काय झालं?" दादानं माझ्या खांद्यावर हात टाकला. "साहेब, ही साक्षीदार. चिमणे, सही कर इथे. गावभरातून मागणी आलीये, उद्यापासून रोपं द्यायचीत."

गावभरातून. म्हणजे दोनशे अंगणांत लोक वर्षानुवर्षं पाणी घालणार आणि एक दिवस फळ फोडून भुसा पाहणार, आणि आईनं शोधलेलं फळ म्हणजे हाच भुसा ठरणार.

मी त्याचा हात झटकला. पेन कागदावर आडवं ठेवलं.

"सही करणार नाही. दादा, ही सगळी भुशीची रोपं आहेत. तू चुकीचं झाड कापत होतास, तेव्हाच मला कळलं होतं. मी मुद्दाम गप्प बसले. साहेब, लिहून घ्या. आईचं झाड आम्ही दोघांनी मिळून मारलं."