मिठाच्या भिंती आणि एक पखाल

मी एक जुनी पखाल आहे, मित्रांनो, आणि गळायची खोड मला फार वर्षांची आहे. सांगता सांगता मध्येच काही सांडलं, तर तेवढी जागा कोरडी सोडून पुढे चला.

पाय

माझे चारही पाय अजून शाबूत आहेत. बकरीचं कातडं न चिरता अख्खं उतरवलं की पाय राहतातच. हव्वाने ते दोरीने आवळून बांधले, मानेचं तोंड केलं, बाभळीच्या शेंगांच्या पाण्यात मला मुरवलं आणि वर डांबर चोळलं. त्या वासाने तिच्या दोन्ही मुली नाक धरून पळाल्या. थोरली मबरूका, धाकटी गझाला.

आमचं गाव तळ्याकाठी होतं. चहूकडे वाळूचे डोंगर आणि मध्ये खारं पाणी. त्या पाण्यात तांबड्या, केसासारख्या अळ्या होतात. गावातल्या बायका कमरेइतक्या पाण्यात उतरून त्या कापडाने गाळायच्या, कुटायच्या आणि वड्या थापून उन्हात वाळवायच्या. पुरुषांनी त्या पाण्यात पाय घालायचा नाही, असा रिवाज. गोडं पाणी काठावरच्या विहिरीत लागे. ते घरी आणायचं काम माझं. बायका म्हणायच्या, हव्वाच्या पखालीतलं पाणी प्यायलं की दात ठणकतात. मी ते कौतुक म्हणून घेत असे.

पोट

घरं मिठाच्या चिखलाची होती. ऊन लागलं की दगड, आणि पाऊस लागला की गूळ. म्हणून आमच्याकडे पाऊस आला की लोक घराबाहेर पळत. सगळं गाव वाळूच्या उतारावर भिजत बसे. मग घराघरातली मोठी बाई आपल्या माणसांना नावाने हाक मारी. ज्याने ओ दिली तो बाहेर आहे, सुखरूप आहे. त्याला पुन्हा हाक मारायची नाही. एवढी नावं असत, अंधार असे, दुसऱ्यांदा हाक मारली तर गोंधळ होई.

पाऊस फार वर्षांनी येई. मी पाहिलेल्या पहिल्या पावसात गझालाने ओ दिली. खणखणीत दिली. मग ती

ठिगळ

माझ्या कुशीवर तळहाताएवढं ठिगळ आहे. तिथे भिंत पडली.

मी आत खुंटीवर राहिले होते. गझाला मला न्यायला परत आली की मांजराच्या पिल्लाला, हे कुणाला कधी कळलं नाही. तिचा हात माझ्यावर होता, एवढं मला माहीत आहे. बाहेर कुणी तिला पुन्हा हाक मारली नाही. तिने ओ दिली होती ना.

त्यानंतर थोड्याच वर्षांत गाव उठवलं गेलं. वाळूपलीकडे सिमेंटची घरं मिळाली, नळ आले, प्लास्टिकचे डबे आले. मी एका खिळ्यावर वाळत पडले. मित्रांनो, कातड्याला रिकामपण फार लवकर चढतं. आधी पाय कडक झाले, मग पोट.

पण आभाळात ढग दिसला की हव्वा वस्तीच्या टोकाला जाऊन वाळूकडे तोंड करून ओरडायची, "गझाला, ऊठ! घर भिजतंय!" शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. गेल्या उन्हाळ्यात हव्वा गेली.

आणि या थंडीत ढग आले. काळे, खाली वाकलेले.

गळा

मबरूकाने मला रात्रभर पाण्यात भिजवलं, तेल चोळलं आणि पाठीवर घेतलं. तिची मुलगी तिबर दवाखान्यात काम करते. ती नायलॉनची मोठी पिशवी पाठीला लावून दारात उभी होती.

"आई, माझ्याकडे बाटल्या आहेत. ती मेलेली बकरी कशाला?"

"तुझ्या बाटलीतल्या पाण्यावर दुपारी चहा होतो. माझी बकरी गार ठेवते."

"गळतेय ती. तुझा झगा बघ मागून."

"माझा झगा, माझी बकरी. तू कशाला येतेस? घरी बस, फोन बघ."

"तू पावसात एकटी जाऊन पडक्या घरात शिरशील, म्हणून येतेय."

तिबरने बरोबर ओळखलं होतं. या पावसात ते घर उरणार नव्हतं, आणि घर जायच्या आत मबरूकाला बहिणीला बाहेर काढायचं होतं.

वाळू चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. वाळूत भाजलेली भाकरी, खजूर, चहा. दिवस कलता कलता तळं दिसलं. गावात अर्धी घरं आधीच खचली होती. हव्वाचं उभं होतं.

अंधार पडला आणि पाऊस आला.

मायलेकी उतारावर ताडपत्री ओढून बसल्या. मबरूका उठली आणि हाका मारू लागली. "ईदा! बरका! मबारक! उम्म-झैन!" आईच्या घरचं, शेजारचं, अख्खं गाव तिने हाक मारून घेतलं.

"आई, पुरे गं. कुणी नाहीये तिथे."

मित्रांनो, मी कातडं आहे. आवाज माझ्या पोटात घुमतो. प्रत्येक नावाला ओ येत होती. म्हातारी ओ, खोकणारी ओ, कडेवरच्या पोराची ओ. उतारावर आमच्या दोन्ही अंगांना ओले लोक दाटीवाटीने बसले होते आणि तिबर त्यांच्या मधोमध बसून हातावर फुंकर घालत होती.

"गझाला!"

काहीच नाही.

"गझाला, ऊठ गं!"

काहीच नाही. मबरूका धावत उतरली. मी तिच्या पाठीवर होते.

आत मिठाचं पाणी भिंतींवरून ओघळत होतं. छताचे खजुरीचे वासे कुरकुरत होते. मबरूका गुडघ्यांवर बसून अंधारात चाचपडत होती. "चल राणी. मी आलेय. कुणी रागावणार नाही." दोरी सुटून मी जमिनीवर पडले, तोंड उघडलं, होतं नव्हतं ते पाणी वाहून गेलं. मग माझ्या ठिगळावर एक हात

कोरडा होता तो हात. एवढ्या पावसात कोरडा.

बाहेर तिबर उभी होती. आईला नावाने हाक मारायची पद्धत नाही. पण रिवाज रिवाज असतो. तिने तोंडाशी हात धरले.

"मबरूका! हव्वाची मबरूका!"

"ओ!"

तिबरचा जीव भांड्यात पडला. ती खाली बसणार, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं. आवाज बारीक होता. आई अशी ओ देत नाही. आजीने आयुष्यभर एकाच गोष्टीसाठी डोकं आपटलं होतं, ते तिला आता कळलं. पुन्हा कुणी विचारलंच नाही.

"आई! आई, पुन्हा ओ दे! तू दे!"

घरात मबरूकाने मान वर केली. तिने माझं तोंड आवळून मला पोटाशी कवटाळलं आणि ती दाराकडे धावली. उंबऱ्यातून ओरडली, "ओ! आले गं, आले!" पाठोपाठ छत बसलं. मोठा आवाज झाला नाही. ओल्या पोत्यासारखं बसलं.

सकाळी आभाळ धुतलेलं होतं. घराच्या जागी पांढरट चिखल होता. पहिली ओ कुणी दिली, हे तिबरने विचारलं नाही. मबरूकाने सांगितलं नाही. आईच्या तळहातांना जखमा होत्या, म्हणून तिबरने मला स्वतःच्या पाठीवर घेतलं आणि ती थबकली.

"आई, हिच्यात पाणी भरलंस?"

"नाही."

"मग जड का लागतेय?"

मबरूका मागे आली. माझ्या तोंडाची गाठ तिने घट्ट केली, वरचा झगा काढून माझ्याभोवती गुंडाळला आणि माझं पोट हळूच थोपटलं.

"चल. ऊन व्हायच्या आत पलीकडे जाऊ."

तिबर काही चेष्टा करील असं मला वाटलं. तिने दोरी खांद्यावर सारखी केली, दोन्ही हात मागे घेऊन मला खालून आधार दिला आणि धक्का न लावता चढण चढू लागली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल लावा, ऊन दाखवा, महिन्यातून एकदा तरी हातात घ्या, असं सगळेच सांगतात. मीही तेच सांगते. माझं एक मागणं मात्र वेगळं आहे. आमच्या घरी आलात आणि कोपऱ्यात मी दिसले, तर पाहा, उचलूनही घ्या. फक्त गाठ सोडू नका, आणि बोलताना आवाज थोडा खाली ठेवा. तिला आत्ताच डोळा लागलाय.