दरीवर अडकलेली मोट

मी एक लोखंडी मोट. आताच्या पोरांनी मला कामावर पाहिलेलं नसेल म्हणून सांगते. विहिरीतून पाणी काढायला बैल जी भलीमोठी बादली ओढायचे, ती मी. माझ्या तळाला चामड्याची सोंड होती. मी वर आले की पाणी त्या सोंडेतून काठावरच्या थारोळ्यात धो धो पडायचं आणि तिथून पाटानं झाडांना जायचं.

माझा जन्म अकोल्यातला, एकावन्न सालचा. एका लोहारानं चार पत्रे वाकवून, रिबिटा ठोकून मला घडवलं. मला घ्यायला अचलपूरजवळच्या एका खेड्यातले खुशालराव आले. संत्र्याची बाग, काळी जमीन, आवाज असा की शेजारच्या शिवारातलं ढोर मान वर करायचं. त्यांनी मला चहूबाजूंनी ठोकून पाहिलं, मग चक्क माझ्या काठाला जीभ लावली.

"लोखंड गोड हाय," ते म्हणाले. "हेच नेतो."

लोहारानं पैसे मोजून घेतले. गिऱ्हाईक मोठ्या आवाजाचं होतं आणि त्याला वाद घालायची हौस नव्हती.

सात वर्षं मी त्यांच्या विहिरीवर राबले. बैल धावेच्या उतारावरून खाली चालत गेले की मी वर, बैल मागे सरकत आले की मी खाली. दिवसभर मला बैलांच्या पाठी दिसायच्या. बैल कधी रुसतो, कधी आळसावतो, काय खाल्लं की बसतो, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

अठ्ठावन्न साली इंजिन आलं. ते दिवसभर धाडधाड करायचं आणि खुशालराव त्याच्याकडे कौतुकानं बघत बसायचे. मला अंगणात आणून टाकलं. कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या. एका कोंबडीनं तर मला इतकं आपलं मानलं की कोणी जवळ आलं की ती चोच मारायची.

साठ साली घरात लग्न निघालं. खुशालरावांची एकुलती लेक शकुन, आणि नवरदेव शेषराव. शेषराव अकोल्याला ओव्हरसिअर होते. अंगानं काडी, पण बोलणं पक्कं. खिशात कायम मोजपट्टी. मांडवात शिरताना त्यांनी आधी मांडवाचा खांब मोजला होता, हे मी स्वतः पाहिलं.

त्या दिवशी सोंड वर बांधून माझ्यात पळसाच्या पत्रावळी भिजत घातल्या होत्या, म्हणून मी पंगतीच्या शेजारीच होते. शकुनची आई पंचफुला पुरणपोळ्या वाढत होती. शेषराव जेवायला बसले आणि खातच राहिले. एवढ्याशा देहात एवढं जातं कुठं, हे कोणालाच कळेना. आणि खुशालराव समोर उभे राहून मोठ्यानं मोजू लागले.

"बारा झाल्या! तेरा! पाहा रे बाप्पा, जवाईबापूची चौदावी!"

पंगत हसली. बँडवालेसुद्धा हसले. शेषरावांचा हात पंधरावीकडे गेला होता, तो तिथंच थांबला. ते उठले, हात धुतले आणि म्हणाले, "मामाजी, जोवर माझे पाय भुईवर हायेत, तोवर तुमच्या घरच्या अन्नाले माझा हात लागणार नाही."

लोकांना वाटलं, नवरदेव रुसला, दोन दिवसांत निवळेल. पण शेषराव शब्दाचे पक्के. दिवाळीला आले ते अकोल्याहून चार पुडाचा डबा घेऊन. अंगणातल्या निंबाखाली बसून एकटे जेवले. पाणीही आपल्या तांब्यातलं. खुशालराव ओट्यावर येरझारा घालत होते. शेवटी भडकले.

"ज्याले माह्या घरचं पाणी चालत नाही, त्यानं माह्या दारात येऊ नये!"

शकुन उठली. तिनं आपली पिशवी उचलली. "मंग मीही येत नाही, बाबा."

आणि ती खरंच आली नाही. दोन वर्षं त्या घरात लेकीचं पाऊल पडलं नाही. खुशालराव इंजिनाशेजारी जास्त वेळ बसू लागले. पंचफुला कोंबड्यांना दाणे टाकायला आली की माझ्या काठावर हात ठेवून उगाच रस्त्याकडे बघत उभी राहायची.

मधल्या काळात माझी रवानगी झाली. खुशालरावांचा मित्र देवराव चिखलदऱ्याच्या डोंगरात बांबूचा ठेकेदार होता. तिथं एका दरीवर त्यानं लोखंडी तार बांधली होती, अलीकडचं टोक उंच आणि पलीकडचं सखल. पलीकडे मजुरांचा तळ, झरा आणि सपाट मैदान. इकडून तिकडे शिधा पाठवायला त्याला काहीतरी दणकट हवं होतं. त्यानं मला मागून घेतलं, कोंबडी खाली उतरवली आणि मला ट्रकात घातलं.

डोंगरावर माझी कुजलेली सोंड कापली. तळाला नुसतं गोल भोक राहिलं. तारेवर दोन चाकं, चाकांखाली मी. माझ्या मागच्या नाड्याला, म्हणजे जाड दोराला, बैलजोडी. बैल एक एक पाऊल मागे सरकले की मी उतारानं पलीकडे जायची, बैल पुढे चालले की परत यायची. म्हणजे काम तेच, फक्त विहीर आडवी झाली होती. पलीकडच्या लोकांना मला काठाशी ओढून घेता यावं म्हणून पुढे एक बारीक दोर बांधला होता. भोकावर पोतं टाकलं की शिधा, आणि पोतं काढलं की माणूस. भोकातून पाय खाली सोडायचे आणि बसायचं. खाली बराच वेळ काहीच नाही, मग साग आणि बांबू.

त्रेसष्टच्या थंडीत एके सकाळी लाल एस.टी.तून उतरून माझी सगळी माणसं तिथं आली. मला माझे डोळे खरे वाटेनात.

हे सगळं पार्बताबाईंनी घडवलं होतं. पार्बताबाई म्हणजे खुशालरावांची आई, वय ऐंशीच्या आसपास, दात तीन. त्यांनी नातजावयाला निरोप धाडला होता, "घरी येऊ नका, घराचं नाव काढू नका. चिखलदरा काही खुशालच्या बापाचा नाही. हवा खायला या." नातीला पाहिल्याशिवाय डोळे मिटायला त्या तयार नव्हत्या.

शेषराव आले. हातात तोच चार पुडाचा डबा. सासरे-जावई एकमेकांकडे न बघता शेजारी उभे राहिले आणि दोघांनीही दरीचं कौतुक केलं, वेगवेगळं.

बेत रोडग्यांचा होता. कणकेचे जाडजूड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी, तुरीचं वरण, मिरचीचा ठेचा. पण विस्तवाला जागा आणि झरा दोन्ही पलीकडे. म्हणजे जेवायचं असेल तर माझ्यात बसणं भाग होतं.

"आधी मी," पार्बताबाई म्हणाल्या.

"माय, तुले चक्कर येईन!" खुशालराव ओरडले.

"चक्कर आली तं बसलेलीच हाय ना मी."

त्या बसल्या. भोकातून त्यांचे वाळके पाय बाहेर आले, पायांत जोडवी. बैल मागे सरकू लागले. मी तारेवरून घरंगळत निघाले. मला वाटलं म्हातारी देवाचं नाव घेईल. ती मधोमध आल्यावर म्हणाली, "थांबव रे जरा, दिसून राहिलं." मग पलीकडे पोचल्यावर उतरायला नकार दिला.

"अजून एक डाव."

असे तिनं पाच डाव घेतले. दर वेळी अलीकडे परत आली की उतरून बैलांपाशी जायची, पदरातली सरकी काढायची आणि डावीकडच्या बैलाला चारायची. "खाय माह्या राजा," म्हणायची. देवराव म्हणाला, "आजी, बस करा, फुगन तो." पण तिनं पदर रिकामा केला आणि मगच पलीकडे जाऊन उतरली.

मग पंचफुला गेली, कणीक मांडीवर, गोवऱ्यांचं पोतं पाठीला बांधून, डोळे गच्च मिटून. शकुन गेली ती हसत, भोकातून पाय हलवत. माहेरच्या माणसांत आल्यावर तिचा आवाज पुन्हा लग्नाआधीचा झाला होता.

आता दोघे पुरुष उरले. देवरावानं आभाळाकडे पाहिलं. "धुकं चढून राहिलं. एकच फेरी होते. दोघं संगं बसा."

"मी पाहिजे तं राहतो इथं," शेषराव म्हणाले.

"मी राहतो," खुशालराव म्हणाले.

पलीकडून पार्बताबाईंची हाळी आली, "दोघंबी या! नाही तं मीच येतो तिकडं, सहावा डाव!"

शेषरावांनी तार मोजली, चाकं पाहिली, कागदावर दोघांच्या वजनाचा हिशेब केला आणि कागद घडी करून खिशात ठेवला. काय उत्तर आलं ते सांगितलं नाही. मग भोकावरून वाद झाला. चार पाय बसेनात. शेवटी सासऱ्याचा उजवा आणि जावयाचा डावा पाय खाली गेला, उरलेले दोन पाय गुडघ्यात दुमडून काठाबाहेर. डबा शेषरावांच्या कुशीत. मी इतकी ठासून भरलेली कधीच नव्हते.

आम्ही निघालो. अर्ध्या वाटेवर मला मागच्या नाड्याची ओढ एकदम जड लागली. मी थांबले. मागे वळून बघायची मला गरज नव्हती. डावा बैल बसला होता. पोटभर सरकी खाल्लेला बैल बसतो, हे मी सात वर्षं बघत आले होते. पार्बताबाई तर साठ वर्षं बघत आल्या होत्या.

देवरावानं शेपूट पिरगाळलं, हाका मारल्या, विनवण्या केल्या. बैल रवंथ करत राहिला.

"हालू नका!" खुशालराव कुजबुजले.

"मी हलत नाही, तुमी हलून राहिले!" शेषराव म्हणाले, आणि हे बोलताना हलले. कुशीतला डबा निसटला, भोकातून गेला आणि खाली पडत राहिला. आधी झाकण वाजलं, मग एक एक पूड. शेवटचा आवाज फार उशिरा आला.

दोघेही त्या भोकाकडे बघत राहिले.

अर्धा तास गेला. धुक्यातून रोडग्यांचा वास येऊ लागला. त्यात वांग्याचा, लसणाचा, कढत तुपाचा. शेषरावांचं पोट वाजलं. मी लोखंडाची, मला ते पत्र्यातून स्पष्ट कळलं. खुशालरावांनाही कळलं. ते दुसरीकडे बघू लागले.

तेवढ्यात पलीकडून पार्बताबाई ओरडल्या, "शेषरावबापू! पाय कुठं हायेत तुमचे?"

"लटकून राहिले, आजी!"

"खाली भुई हाय का?"

शेषरावांनी खाली पाहिलं. शब्दाचे पक्के होते, म्हणून नीट पाहिलं. "नाही, आजी."

"मंग खा ना बाप्पा!"

मग शकुननं काठावरचा बारीक दोर सोडला, पंचफुलेनं त्याच्या टोकाला रोडगे-ठेच्याचं फडकं आणि भाजी-वरणाचे झाकणाचे डबे बांधले आणि सोडून दिलं. गाठोडं दरीत झोका घेत माझ्या खाली येऊन लोंबकळू लागलं. खुशालराव दोर ओढू लागले. पूर्वी विहिरीतून तांब्या काढायचे तसे, सावकाश, हात बदलत.

फडकं सुटलं. वाफ निघाली. खुशालरावांनी रोडगा फोडला, जावयापुढे धरला आणि हात तसाच धरून ठेवला.

"एक बोलू काय, बापू?"

"बोला."

"त्या दिवशी मी मोजत होतो ते चिडवाले नाही. पंचफुलेच्या हातच्या पोळ्या कोणी चौदा खाल्ल्या, हे साऱ्या गावाले समजलं पाहिजे, असं वाटलं मले. मले लय आनंद झाला होता. आनंद झाला का मी ओरडतो. मले दुसरं येतच नाही." त्यांनी रोडग्यावरची उरलेली राख फुंकली. "लेक दोन वर्सं दिसली नाही, तवा काही ओरडता नाही आलं."

शेषरावांनी रोडगा घेतला. पहिला घास तोंडात घातला. मग खाऊ लागले. खुशालरावांनी डोळे गच्च मिटून घेतले आणि तोंड फिरवलं, मोजायचा मोह होऊ नये म्हणून. मी मात्र मोजले. आकडा सांगणार नाही.

"तुमीही खा, मामाजी," शेषराव म्हणाले. "मले एकट्याले बरं नाही वाटत."

मग दोघेही खाऊ लागले. ठेच्यानं दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. निदान दोघांनीही ते ठेच्यावर घातलं.

शेवटी शेषरावांनी ढेकर दिला. तो ढेकर दरीत घुमला, समोरच्या कड्यावर आपटला आणि परत आला. बैल दचकून उठला आणि चार पावलं मागे पळाला. नाडा सैल होऊन जोखडातून निसटला आणि मी जी सुटले ती थेट पलीकडच्या मैदानात सागाच्या बुंध्यावर आदळले. सासरे एकीकडे, जावई दुसरीकडे, वरण तिसरीकडे. कोणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. माझा काठ मात्र वाकडा झाला आणि एक चाक तुटलं.

पंचफुला धावत आली. तिनं आधी जावयाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे आणि विचारलं, "मीठ बरोबर होतं ना?"

बुंध्यावर आपटलेली मोट तारेला नको म्हणून देवरावानं मला काढून टाकलं. शेषराव म्हणाले, "ही मी नेतो." ट्रकात चढवण्याआधी त्यांनी मला लांबीरुंदीत मोजून घेतलं.

अशी मी पुन्हा अकोल्यात आले, ओव्हरसिअरांच्या अंगणात. माझ्या भोकावर पत्रा ठोकला, काठ ठोकून थोडा सरळ केला. पार्बताबाई पुढच्या वर्षी गेल्या. जाण्याआधी त्या इथं येऊन महिनाभर राहिल्या आणि रोज सकाळी माझ्याशेजारी उन्हात बसल्या. शकुनला मुलगी झाली, तिचं नाव वच्छला. आता ती तीन वर्षांची आहे. अकोल्याचा उन्हाळा कसा असतो ते इथल्यांना सांगायला नको. दुपारी माझ्यात पाणी भरतात आणि वच्छलाला आत बसवतात. मी इतक्या बागा भिजवल्या, पण एवढं खोडकर झाड कुठलंच नव्हतं.

तुम्हा माणसांकडे माझं एकच मागणं आहे. घाईघाईत मला काठोकाठ भरू नका, पोर बुडेल. अर्धीच भरा. अर्ध्या पाण्यात ती हसली की ते हसू माझ्या पत्र्याला सगळीकडून लागतं, आणि मग संध्याकाळपर्यंत मला ऊन लागत नाही.